मास्तरांनी रंगवलेला कोंबडा

सोलापुरात राहायला गेले त्याच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या टॉवेलचा कोपरा गेला. सकाळी दोरीवर वाळत घातला तेव्हा टॉवेल धडधाकट होता. संध्याकाळी कचेरीतून आले तर खालचा एक कोपरा, चार बोटं रुंद, गायब. फाटलेला नव्हे, कापलेला. तोही शिंप्याने कापावा तसा सरळ.

मी तणतणत टॉवेल घेऊन खाली घरमालकिणीकडे गेले. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. अक्कांनी टॉवेल उलटासुलटा करून पाहिला आणि निकाल दिला, "उंदीर."

"अक्का, उंदीर कात्री वापरतो का?"

"सोलापूरचा उंदीर हाय गं पोरी. कापड कळतं त्याला."

मग त्यांनी आपलं दुःख बाहेर काढलं. पांढरे टॉवेल, पंचे, हात पुसायची फडकी. एकूण एक कोपरा छाटलेला. पिंजरा लावून झाला होता, औषध ठेवून झालं होतं, बहिणीकडचं मांजर आणून झालं होतं. मांजर लठ्ठ होऊन परत गेलं आणि कोपरे जातच राहिले. अक्कांचे यजमान समोरच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. ते पेपराच्या आडून म्हणाले, "मोठा पिंजरा आणायला पाहिजे." आणि त्यांनी पान उलटलं.

त्या पेपराच्या आड काय चाललंय ते मी तेव्हाच वाकून बघायला हवं होतं.

त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा संबंध सातवीलाच संपला होता. ते डाईंग मास्तर. टॉवेल आणि चादरींच्या सुताला रंग देण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. विणकरांचं घर, त्यामुळे घरात तेलुगू आणि दारात मराठी. शेजारच्या शेडमध्ये दिवसभर माग खडखडत असायचे आणि ते बंद पडले की मास्तर दचकून जागे व्हायचे. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी त्यांच्या नखांच्या कडा निळ्याच होत्या. अक्का म्हणायच्या, लग्नात हळद लावली तर हिरवी झाली.

मास्तर जग रंगावरून ओळखायचे. मी जिना उतरताना दिसले की, "मॅडम, आज जरा फिक्या हाय. झोप न्हाय झाली?" मंडईत वांगी घ्यायची तर एकेक वांगं छताखालून बाहेर उन्हात नेऊन बघायचे आणि भाजीवाली ओरडायची, "मास्तर, वांगं हाय, लुगडं न्हाय!" टपरीवर चहा पांढऱ्या कपातच घ्यायचे. काचेच्या ग्लासात दिला तर परत करायचे. एकदा बसमध्ये पुढच्या बाईच्या साडीचा पदर उचलून त्यांनी खिडकीतल्या उजेडात धरला होता. बाईच्या नवऱ्याला समजावता समजावता अक्कांना दोन थांबे पुढे उतरावं लागलं. मास्तरांचं म्हणणं एकच, "ट्यूबलाईटखाली रंग बघणारा माणूस आन् न वाचता सही करणारा माणूस, दोघं सारखेच." हे ते मला विशेष जोर देऊन सांगायचे, कारण मी सरकारी कचेरीत होते.

त्या घरात जेवणाचा एक रिवाज होता. अक्का मास्तरांचं ताट वाढायच्या आणि पदर खोचून समोर उभ्या राहायच्या. मास्तर आमटीची वाटी उचलायचे, खिडकीकडे जरा तिरकी धरायचे, मग पहिला घास घ्यायचे आणि म्हणायचे, "वा!" कधी त्याला शेपूट असायचं. "वा! मसाला मस्त भाजलाय." "वा! मीठ अगदी बेताचं." हे ऐकलं की अक्का स्वतःचं ताट वाढून घ्यायच्या. 'वा' आल्याशिवाय त्या बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. मी जेऊरची, आमच्याकडे पुरुष खाली मान घालून जेवतात आणि हात धुवायला उठतात. त्यामुळे मला या 'वा'चा मनापासून हेवा वाटायचा.

पुढे एकदा धुण्याच्या दगडापाशी अक्का घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. डबा लावावा असं मी सुचवलं, तर अक्कांनी असं बघितलं की जणू मी घर विकायला सांगितलं. शेवटी ठरलं की संध्याकाळचा स्वयंपाक मी करायचा आणि अक्का स्टुलावर बसून हुकूम सोडायच्या.

पहिल्याच दिवशी मी आमटीत मीठ टाकायला गेले, तर अक्कांनी डाव्या हाताने माझा हात धरला. बाहेरच्या खोलीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "थांब. त्यांची वाटी आधी बाजूला काढ."

"का?"

"बीपी हाय त्यांना. डॉक्टर म्हनले मीठ बंद. त्यांना सांगितलं असतं तर जेवनावरची वासनाच गेली असती. म्हनून मी न सांगताच बंद केलं. तीन वर्सं झाली."

"आणि मास्तरांना कळत नाही?"

"कळतंय की! जीभ हाय ना तोंडात. पन एका शब्दानं बोलत न्हाईत. उलट म्हनतात, मीठ बेताचं." अक्कांचे डोळे पाणावले. "माझं मन राखतात गं. देवमानूस हाय."

मलाही भरून आलं. असा नवरा मिळणार असेल तर मी उद्या बोहल्यावर चढायला तयार होते.

हा भारावलेपणा आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी अक्का प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या, फोन माझ्या कानाला होता आणि आमटी बुडाला लागली. साधीसुधी लागली नाही. मागवाला शेजारी भिंतीपलीकडून ओरडून विचारू लागला, काय पेटलं म्हणून. मास्तर ओट्यापासून तीन हातांवर बसले होते. त्यांनी वाटी उचलली, खिडकीकडे तिरकी केली, घास घेतला आणि म्हणाले, "वा मॅडम! खमंग."

मी पळी खाली ठेवली. मग सरळ विचारलं, "मास्तर, तुम्हाला वास येत नाही?"

मास्तरांनी वाटी खाली ठेवली आणि दाराकडे बघून खात्री करून घेतली. मग हळूहळू सांगितलं. डाईंगमध्ये एकदा ब्लीचचा वाफारा थेट नाकातोंडात गेला होता. आधी नाक गेलं, मग जीभही गेली. खारट, तिखट, गोड, सगळं सारखंच. डॉक्टरनी आशा सोडा म्हणून सांगितलं, त्याला अकरा वर्षं झाली होती.

"अक्कांना माहीत नाही?"

"न्हाय. आन् कळता कामा नये, मॅडम." मास्तरांचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता. "ती माझ्या 'वा'वर जेवती. आता सांगितलं तर मागचे सगळे 'वा' खोटे पडतील. एवढ्या वर्सांचं जेवन तिच्या घशात अडकंल."

म्हणजे इकडे बिनमिठाचं वाढणारी बाई, तिकडे चव न कळणारा माणूस, दोघं एकमेकांची मनं राखतायत, आणि मध्ये पळी घेऊन मी. बोलू तर कुणाशी बोलू? मी आमटीचं करपलेलं पातेलं घासायला घेतलं.

कोंबडा या सगळ्यात कुठून आला, ते आता सांगते.

फार पूर्वी, मास्तर ऐन उमेदीत असताना, डाईंगमध्ये नवं यंत्र बसवायला फ्रान्सहून एक मेकॅनिक आला होता. तीन आठवडे राहिला. त्याला मराठी येत नव्हतं, मास्तरांना त्याची भाषा येत नव्हती, आणि दोघांची घट्ट मैत्री झाली. मास्तरांनी त्याला एकदा घरी जेवायला आणलं. अक्कांचा गावरान कोंबडीचा रस्सा खाऊन तो रडला. तिखटाने रडला की प्रेमाने, याबद्दल नवराबायकोत मतभेद होते. जाताना त्याने यंत्राच्या नकाशाच्या पाठीमागे आपल्या आईच्या एका पदार्थाची कृती चित्रं काढून दिली. तो कागद मास्तरांनी कपाटात जपून ठेवला होता. त्यात तुरेवाला कोंबडा होता, बाटली होती, छोटे कांदे, गाजर, छत्र्या म्हणजे अळंबी, लांबडा पाव, झाकणाचं जड भांडं आणि तीनवर काटा असलेलं घड्याळ. एका कोपऱ्यात डुक्कर काढून, बहुधा अक्कांचा चेहरा बघून, लगेच खोडलेलं होतं.

"लाल दारूत कोंबडा शिजवतात ते लोक," मास्तर मला म्हणाले. "त्यानं मला बोटानं दाखवलं हुतं. आधी असा पांढरा, मग असा जांभळा, शेवटी करडा तपकिरी. हातानं, बघा, माझ्या रंगांच्या शेड कार्डावर नंबर दाखवून. मॅडम, हा पदार्थ नाकानं न्हाय करायचा. हा डोळ्यानं करायचा. हा मला जमंल."

बेत असा होता. अक्कांनी जन्मात नवऱ्याच्या हातचं गरम ताट समोर आलेलं पाहिलं नव्हतं. प्लास्टर निघालं की दुसऱ्या दिवशी, रविवारी, मास्तर स्वतः रांधून त्यांना वाढणार, आणि पहिला घास अक्कांचा. जिभेचं काम माझं. मी चव बघायची आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही. मी हो म्हटलं. नाही म्हणणं मला कधी जमलेलंच नाही.

मी फोनवर एका बाईचा व्हिडिओ शोधून दाखवला. मास्तरांनी तो अर्धा मिनिट पाहिला. "हिचा क्यामेरा लाल जास्त दाखवतोय," म्हणाले आणि फोन परत दिला.

वाईन आणायला आम्ही दोघं गेलो. मास्तरांनी बरोबर पांढऱ्या टर्किश टॉवेलची एक पट्टी घेतली होती. कुठून आली, मी विचारलं नाही. दुकानदार त्यांच्या ओळखीचाच निघाला. मास्तर त्याला म्हणाले, "वीस बाटल्या लागतील."

दुकानदार खुर्चीवरून उठला. "मास्टर! शादी है क्या घर में?"

हिशेब बरोबर होता, फक्त डाईंगचा होता. एक किलो सुताला दहा लिटर रंगाचं पाणी. त्या पाण्याला ते बाथ म्हणत. कोंबडा साफ करून दीड किलो, म्हणजे बाथ पंधरा लिटरचा. मी नकाशामागचं चित्र उघडून दाखवलं, "मास्तर, त्याने एकच बाटली काढलीये."

"कागदावर जागा नव्हती."

घासाघीस करून मी त्यांना दोन बाटल्यांवर आणलं. मग त्यांनी थेंबभर वाईन पट्टीवर टाकून दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघायची मागणी केली. दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "मास्टर, पीने का है की रंगने का?" "रंगनेका," मास्तर म्हणाले, आणि तिसऱ्या बाटलीचा रंग पसंत केला.

एक चाचणीही झाली, अक्का बहिणीकडे गेल्या होत्या त्या दुपारी. दुकानातली ब्रॉयलर कोंबडी आणली, ती पाऊण तासात भांड्यात विरघळली. जो तुकडा हाती लागला तो मास्तरांनी नळाखाली धरून साबणाने धुतला. रंग उतरतो का ते बघायला! "कच्चा," म्हणाले. "माल चांगला न्हाय. ह्याच्यात दम न्हाय रंग धरायचा." मग वळसंगच्या एका शेतकऱ्याकडून म्हातारा कोंबडा आला. इतका म्हातारा की त्याने पिशवीतून आमच्याकडे चक्क तुच्छतेने पाहिलं. पुढे मी वाचलं की फ्रान्समध्येही या पदार्थाला म्हाताराच कोंबडा घेतात. मास्तर तिथे सुताच्या वाटेने पोचले होते.

शनिवारी अक्कांचं प्लास्टर निघालं आणि मनगट काडीसारखं बाहेर आलं. त्याच संध्याकाळी कोंबडा वाईनमध्ये भिजत पडला. अक्कांनी झाकण उचललं, वास घेतला आणि पदर नाकाला लावला. "एमंडी, दारूत कोंबडं?" एमंडी म्हणजे तेलुगूतलं 'अहो'.

"दारू न्हाय ती. रंग हाय," मास्तर म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी जुना खाकी एप्रन बांधला आणि अक्कांना बाहेर खुर्चीत बसवून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. तो माणूस त्या दिवशी वीस वर्षांनी तरुण दिसत होता. कोंबड्याचे तुकडे तुपात परतले, छोटे कांदे सोलून परतले, गाजर, लसूण, तमालपत्र टाकलं. व्हिडिओतली बाई कसलासा सुगंधी पाला घालत होती, त्याला मी पर्याय सुचवला, तो म्हणजे अक्कांच्या कुंडीतली ओव्याची पानं. मग वाईन ओतली, झाकण लावलं, आणि गॅस बारीक. दर अर्ध्या तासाने मास्तर टॉवेलची एक पट्टी रश्शात बुडवायचे, पिळायचे आणि खिडकीच्या गजाला बांधायचे. दुपारी बारापर्यंत खिडकीत पाच पट्ट्या झाल्या, गुलाबीपासून विटकरीपर्यंत. छत्र्या शेवटी घालायच्या म्हणून बाजूला होत्या.

मग मास्तरांनी मिठाचा डबा उघडला आणि एक मूठ आत टाकली. मी चव पाहिली. खरं सांगते, मी तसलं काही आधी खाल्लं नव्हतं. आंबटसर, गोडसर, खोल, आणि कोंबडा नुकता कुठे हाडापासून सुटायला लागलेला. बीपी मला आठवलं, पण एका दिवसाने काय होतंय, असं म्हणून मी मनाची समजूत घातली.

"मीठ?" मास्तरांनी विचारलं.

"अगदी बेताचं! आता हात लावू नका."

आणि मी पाव आणायला गेले. चित्रात एक हातभर लांब पाव होता. तसा पाव कुठेच मिळाला नाही, म्हणून शेवटी लादी पाव घेतला. या सगळ्यात तास गेला. त्या तासात काय झालं, ते आम्हाला मागाहून कळलं. रंग पाण्यातून निघून सुतात शिरावा म्हणून डाईंगमध्ये बाथमध्ये मीठ घालतात. एकदम नाही, तीन वेळा थांबून थांबून. मीठ रंगाला सुताकडे ढकलतं. चित्रात मीठ नव्हतंच, कारण मीठ काय चित्रात काढायचं? तेव्हा मास्तरांनी ती जागा आपल्या धंद्यातून भरली. मी 'बेताचं' म्हटलं, म्हणजे त्यांच्या लेखी पहिली मूठ पास झाली; 'हात लावू नका' त्यांनी कानाआड केलं. त्यांनी दुसरी टाकली. थोड्या वेळाने तिसरी. सहावी पट्टी त्यांना हव्या त्या रंगावर आली आणि त्यांनी समाधानाने गॅस बंद केला.

दोन वाजता अक्का टेबलाशी बसल्या. मास्तरांनी ताट आणलं आणि ते समोर उभे राहिले, पदर नव्हता म्हणून एप्रन खोचून. अक्का लाजून लाल झाल्या होत्या. त्यांनी डाव्या हाताने वाटी उचलून खिडकीकडे तिरकी केली, अगदी मास्तरांसारखी, मग चमचा धरला आणि पहिला घास घेतला.

त्यांचे डोळे मिटले. मिटलेलेच राहिले. घोट गिळताना गळ्याची शीर हललेली मला दिसली. मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, "वा."

मास्तर एखाद्या पोरासारखे हसले. मी माझा घास घेतला. तोंडात समुद्र! मी पाण्याकडे हात नेला, तर अक्कांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. दुसरा घास त्यांनी घेतला. माणसाने इतकं रांधलंय, तर खायचं. हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मग मास्तर बसले आणि जेवू लागले. मजेत. पाव रश्शात बुडवून, बोटं चाटत. एक तुकडा, दुसरा तुकडा, वर चमच्याने नुसता रस्सा. अक्कांचा चमचा हवेत थांबला. त्या नुसत्या बघत होत्या.

"मीठ कसं झालंय हो?" त्यांनी विचारलं.

"बेताचं. मॅडमनी बघितलंय."

"आन् काल हिनं केलेल्या आमटीत?"

"तेबी बेताचंच होतं की."

"त्यात मीठच नव्हतं," अक्का म्हणाल्या. "तीन वर्सं झाली, तुमच्या वाटीत मी मिठाचा खडा टाकलेला न्हाय. बीपीसाठी. मला वाटलं, तुमी माझं मन राखताय."

शेजारचे माग रविवार म्हणून बंद होते. मास्तरांच्या हातातल्या पावातून रस्सा ताटात ठिबकत होता.

"आधी ते ताट हिकडं द्या," अक्का म्हणाल्या आणि ताट ओढून घेतलं. "एक घास पुढं खायचा न्हाय, बीपी वाढंल. आता बोला. कधीपासून?"

मास्तरांनी सांगितलं. अकरा वर्षं. सांगताना ते खाली बघत होते. अक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अकरा वर्सं मी हितं उभी राहून तुमच्या तोंडाकडं बघत होते, वा म्हनता का म्हनून. आन् तुमाला काय दगड लागत न्हवतं. मग मी कुनासाठी रांधत होते?"

मास्तर उठले आणि आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, तोंड लपवायला गेले. ते कपाटातून एक जाडजूड वही घेऊन आले. डाईंगमध्ये ज्यात रंगांचे नमुने चिकटवतात तसली, निळ्या पुठ्ठ्याची. त्यांनी ती अक्कांसमोर उघडली.

पानोपानी टर्किश टॉवेलचे बोटभर तुकडे चिकटवलेले होते. पिवळे, तपकिरी, लाल, काळपट. प्रत्येकाखाली मास्तरांच्या बारीक अक्षरात दोन शब्द. 'आमटी, काळा मसाला. उत्तम.' 'शेंगाचा रस्सा. उत्तम.' 'डाळ. घाई झाली.' 'पाटवडीचा रस्सा. पावणे होते, चढा रंग.'

"चव मला कळत न्हाय," मास्तर म्हणाले. "पन मी दगड खाल्ल्यासारखं न्हाय खाल्लं. दर आठवड्याला एक नमुना काढला. कांदा किती भाजला, हळद कधी पडली, मसाला जुना की नवा, सगळं कळतंय मला. बघ की."

अक्का डाव्या हाताने पानं उलटत होत्या. एका पानावर त्या थांबल्या. तिथला तुकडा फिकट होता आणि खाली लिहिलं होतं, 'वांगी. फिकी. रडली असावी.'

"दादा गेला तो आठवडा," अक्का म्हणाल्या. "कांदा लाल झालाच न्हवता. माझं ध्यानच न्हवतं." मग एकदम मान वर करून, "पन तुमी तर 'वा' म्हनला होतात त्या दिवशी!"

"तुझं तोंड एवढंसं झालेलं. त्याच्यावर आनि काय सांगू, फिकी झालीत म्हनून?"

अक्कांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं. पानं उलटता उलटता त्यांचं बोट एका तुकड्याच्या निळ्या किनारीवर गेलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली. पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं.

"हा दादानं दिलेला टॉवेल," त्या म्हणाल्या. "हा बहिणीचा. हा पंचा. अगं बाई! उंदीर!"

मास्तर दोन पावलं मागे सरकले. अकरा वर्षांच्या खोट्या 'वा'ला जो आवाज मिळाला नव्हता तो आता मिळाला. पिंजरे, औषधं, मांजराचं दूध, सगळं निघालं. अर्ध्याहून जास्त तेलुगूत होतं, त्यामुळे मला फक्त सूर कळला. पण सूर चांगला होता. मास्तर अपराधी चेहऱ्याने ऐकत होते आणि मिशीत हसत होते. त्यांना ज्याची धास्ती होती ते होऊन गेलं होतं आणि जेवण कुणाच्या घशात अडकलं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मीही रडून घेतलं.

मग अक्का उठल्या. काडीसारखं मनगट छातीशी धरून त्यांनी कोंबड्याचे तुकडे गरम पाण्यातून दोनदा खळबळून काढायला मला लावले. मास्तर म्हणाले, बरोबर, रंगवल्यावर धुवायलाच पाहिजे. अक्कांनी बटाटे टाकले, थोडा काळा मसाला टाकला, आणि फ्रान्स संपून सोलापूर सुरू झालं. चार वाजता आम्ही जेवलो. पण रस्सा फेकून द्यायच्या आधी अक्कांनी मला थांबवलं होतं. "थांब. नमुना राहिला."

"कात्री आणतो," मास्तर म्हणाले.

"माझ्या टॉवेलला हात लावायचा न्हाय! पोरी, तुझा आन. तसाबी एक कोपरा गेलाय."

मी वरून टॉवेल आणला. अक्कांनी ताणून धरला, मास्तरांनी कापला, अक्कांनी रश्शात बुडवला. वहीत अजून तो तुकडा असेल, तपकिरी-जांभळा. खाली मास्तरांनी लिहिलं, 'कोंबडा, दारूतला. रंग पक्का. मीठ फार. तरी तिनं दोन घास खाल्ले.'

त्यानंतर त्या घरातला रिवाज बदलला. अक्का ताट वाढून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "रंग कसा आलाय?" मास्तर वाटी खिडकीत नेऊन खरं सांगायचे. "हळद जास्त." "मसाला जुना दिसतोय." अक्का चिडायच्या, भांडायच्या, आणि जेवायला बसायच्या. मीठ आता उघडपणे बंद होतं.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी अक्कांनी काळ्या मसाल्याची आमटी केली, कडक भाकरी, शेंगाची चटणी, सगळं. मास्तर मला पोचवायला स्टेशनवर आले, प्लॅटफॉर्मवर माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, आज लई फिक्या." अक्कांनी निरोपाला एक टर्किश टॉवेल दिला होता, पांढराशुभ्र, कोरा, कागदात बांधलेला. तो मी नव्या गावात पोचल्यावर उघडला. त्याचा एक कोपरा कापलेला होता.